डागांचे चक्र आणि वऱ्हाडातले दुष्काळ

१८७६-७८ चा दुष्काळ दख्खन आणि मद्रास इलाखा जाळत होता, त्याच सुमारास सूर्यावरच्या डागांची संख्या तिच्या ११ वर्षांच्या चक्रातल्या नीचांकाकडे चालली होती. ब्रिटिश अधिकारी विल्यम हंटर यांनी १८७७ मध्ये मद्रासच्या पावसाचे आकडे घेऊन या दोहोंचा संबंध मांडला. पण डाग आणि पाऊस यांच्यामधला दुवा म्हणजे वारे, आणि तो शोधू पाहिला मुंबईचे हवामान-अधिकारी फ्रेडरिक चेंबर्स यांनी. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातल्या १८७८ च्या टिपणात त्यांनी मुंबईचा वायुभार डागांशी ताडून पाहिला: डाग कमी तेव्हा वायुभार चढा, डाग वाढले की काही काळाने उतरता. १८८० मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. चढ्या भाराच्या लाटा उष्ण कटिबंधात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात आणि त्यांच्यामागून दुष्काळ येतो, असे त्यांचे म्हणणे. वारा भाराच्या फरकावर वाहतो. म्हणजे हा दावा थेट मोसमी वाऱ्यांबद्दलचा होता.

हा दावा, म्हणजे डाग कमी तेव्हा दुष्काळ, वऱ्हाडातल्या यवतमाळला लावून पाहू. १८९९-१९०० चा वऱ्हाडातला भीषण दुष्काळ दाव्यात चपखल बसतो, कारण १९०१ चा नीचांक तोंडावर होता. १८९६-९७ चा बसत नाही. १८९४ चा उच्चांक ओसरत होता खरा, पण नीचांकाला अजून चार-पाच वर्षे होती. १९१८ ने तर दावाच उलटवला. १९१७ ला डाग ऐन भरात, आणि पुढच्याच वर्षी देशभर पावसाने दगा दिला.

भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी १९१५ मध्ये डाग आणि पाऊस यांचा संबंध सहसंबंधाच्या गणिताने तपासला. डागांवरून पावसाचे भाकीत बांधावे इतका संबंध सापडला नाही. मग त्यांनी दूरदूरच्या ठिकाणांचे वायुभार एकमेकांशी जोडून पाहिले आणि ‘दक्षिणी आंदोलन’, म्हणजे प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या वायुभाराचा झोका, हाती लागले. १८७७, १८९६, १८९९, १९१८: चारही दुष्काळांच्या वेळी प्रशांत महासागरात या आंदोलनाशी जोडलेला एल निनो होता, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा तापले होते. चेंबर्स यांनी टिपलेल्या भाराच्या लाटा खऱ्या होत्या. कारण मात्र सूर्यावर नव्हे, समुद्रात होते, असे मला ठामपणे वाटते.

सूर्यचक्राचा ठसा वाऱ्यांवर उमटतो, पण फार उंचावर. चक्रभरात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्का बदलते. अतिनील किरण त्याहून कितीतरी अधिक बदलतात, ओझोनचा थर तापवतात आणि त्या उंचीवरच्या थरातले, म्हणजे स्थितांबरातले, वारे हलवतात. जर्मन हवामानशास्त्रज्ञ कारिन लाबिट्झके यांनी १९८७ मध्ये उत्तर ध्रुवावरच्या स्थितांबरात हे ११ वर्षांचे चक्र दाखवले. यवतमाळच्या कोरडवाहू कापसाला ओल देणारे वारे त्या थराच्या पुष्कळ खालून वाहतात.