लाखेच्या तबकड्या, जाझ आणि आपली पुसली गेलेली भीमगाणी



मागे एका अभ्यासवर्गात मी जाझ संगीताचा विषय काढला, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने सरळच विचारले, "ताई, जुन्या रेकॉर्ड जमवणे आणि जाझ ऐकणे ही बड्या लोकांची चैन आहे. यवतमाळच्या कापूस वेचणाऱ्या बाईला त्याचे काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. आज नवी एलपी घ्यायची तर हजारांत पैसे मोजावे लागतात, आणि ती वाजवायचे यंत्र त्याहून महाग. एवढ्या पैशात आपल्या वस्तीतल्या मुलाची वर्षभराची पुस्तके येतात. तरीही हा विषय आपला आहे असे माझे म्हणणे आहे. ते का, हे इतिहासाच्या आधाराने मांडते.

सुरुवात कापसापासूनच करू. ज्या जमिनीतून जाझ उगवले ती कापसाची आणि उसाची जमीन होती. अमेरिकेच्या दक्षिणेत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या कापूस वेचत होते. वेचताना ते गात. त्या गाण्यातून, चर्चमधल्या भजनांतून आणि न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरवर रविवारी जमून वाजवलेल्या ढोलांतून पुढे ब्लूज आणि जाझ घडले. १८६१ ते १८६५ या काळात गुलामीच्या प्रश्नावरून तिथे यादवी युद्ध पेटले, अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवले. आपल्याकडे पऱ्हाटीचे जे साम्राज्य पसरले, मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे पुढे ज्या कापसासाठी धावली, त्यामागे हा धक्का आहे. तिथल्या गुलामाचा आणि इथल्या वेचणाऱ्या बाईचा कापूस एकाच बाजारात तोलला गेला. महात्मा फुल्यांनी हे नाते तेव्हाच ओळखले होते. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहून त्यांनी ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामी नष्ट करण्यासाठी झीज सोसली.

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांचे 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' हे १९०३ सालचे पुस्तक हाती आले. त्यात प्रकरणांच्या माथ्यावर गुलामांच्या दुःखगीतांचे स्वर छापलेले आहेत. समाजशास्त्राच्या ग्रंथात स्वरलिपी कशाला, असे मला तेव्हा वाटले. नंतर उमगले की ज्यांना लिहू-वाचू दिले नाही त्यांचा इतिहास त्यांच्या गळ्यात असतो, आणि ड्यू बॉईस ते गाणे पुरावा म्हणून मांडत होते. याच ड्यू बॉईस यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या आणि ड्यू बॉईस यांनी त्याच जुलैत उत्तर दिले.

आता तबकडीकडे येऊ. विनाईलची एलपी आली १९४८ साली. त्याआधीची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लाखेची असे. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर किडा जो राळेसारखा थर तयार करतो तो. जगाची बहुतेक लाख भारतातून जाई, मुख्यतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातून, आणि ती फांद्यांवरून खरवडून काढणारे हात आदिवासींचे होते. दुसऱ्या महायुद्धात ही आवक अडली तेव्हा १९४२ साली अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठीच्या लाखेच्या वापरात ७० टक्के कपात केली, आणि जुन्या रेकॉर्ड गोळा करून, वितळवून नव्या बनवायची पाळी तिथल्या कंपन्यांवर आली. म्हणजे बेसी स्मिथ आणि लुई आर्मस्ट्राँग यांचा आवाज ज्या वस्तूत कोरला गेला तिच्यात आपल्या आदिवासी भावाबहिणींचा घाम मिसळलेला होता. रेकॉर्डच्या कागदी लेबलावर कंपनीचे नाव असते, गायकाचे असते. लाख काढणाऱ्याचे नसते.

आणि गायकाचे तरी नेहमी असते का? जाझची पहिली म्हणवली जाणारी रेकॉर्ड २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाली. वाजवणारे पाचही जण गोरे होते. ज्यांनी हे संगीत जन्माला घातले ते रेकॉर्डवर यायला त्यानंतर वर्षे लागली. न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन हा जाझच्या पहिल्या राजांपैकी एक. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकले, १९३१ साली तो तिथेच मेला. त्याच्या वाद्याचा एक सूरही आज उपलब्ध नाही. १९२० साली मॅमी स्मिथच्या रेकॉर्डचा खप पाहून कंपन्यांचे डोळे उघडले आणि कृष्णवर्णीयांसाठी 'रेस रेकॉर्ड' नावाची वेगळी यादी सुरू झाली. गाणे विकायचे, पण वेगळ्या पानावर. गावकुसाबाहेरची वस्ती आणि ही वेगळी यादी यांत मला फार अंतर दिसत नाही. पैसेही बहुधा एकरकमी आणि किरकोळ, रॉयल्टी नाही. १९२३ साली किंग ऑलिव्हर आणि तरुण आर्मस्ट्राँग यांनी इंडियाना राज्यातल्या जेनेट कंपनीत ध्वनिमुद्रण केले. त्याच कंपनीचा कारखाना कू क्लक्स क्लॅनसाठीही रेकॉर्ड छापून देत होता! भांडवलाला जात नसते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. भांडवल दोन्हीकडून पैसे घेते. त्यातून जात मोडत नाही.

हे संगीत आपल्या मुंबईत कसे आले? १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. त्याच वर्षीच्या हिवाळी हंगामात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद वाजत होता. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' छापून आले, आणि त्याच वर्षी क्रिकेट स्मिथ या कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादकाच्या वृंदाने मुंबईत रेकॉर्ड केल्या. पियानोवादक टेडी वेदरफोर्ड मुंबईत वाजवून पुढे कलकत्त्याला गेला आणि तिथेच १९४५ साली कॉलऱ्याने वारला. मायदेशी ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती ते कलावंत इथे संस्थानिक, साहेब आणि शेटजींसमोर वाजवत होते. हा सगळा काळ नरेश फर्नांडिस यांनी 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात मांडला आहे. आपल्या तरुणांनी ते वाचावे. वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा: ताजच्या नाचघरात जाझ वाजत असताना, त्याच शहरातल्या बीडीडी चाळींत आणि कामाठीपुऱ्यात ज्यांचे जलसे रंगत होते, त्यांच्या रेकॉर्ड कोणी काढल्या?

या परदेशी वादकांच्या शेजारी बसून वाजवू लागले ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून पोटासाठी मुंबईला आलेली ही माणसे. हळदोण्याचा अँतोनियो शावियेर वाझ हा 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला, लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे मुंबई प्रांतात दारूबंदी आली, नाचघरांचा धंदा बसला आणि हे वादक सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. १९५१ च्या 'अलबेला'ची गाणी आपल्या आजोबा-आजींनी ऐकली आहेत. सी. रामचंद्रांच्या त्या संगीतामागे चिक चॉकलेट होता. फ्रँक फर्नांड, सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा कितीतरी जणांनी हिंदी गाण्यांचे वाद्यमेळ बांधले, पण रेकॉर्डच्या लेबलावर नाव संगीतकाराचे. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत आपल्याला नवी नाही.

आता कोणी म्हणेल, की जाझ शेवटी करमणूकच आहे. मग १९३९ सालची बिली हॉलिडेची 'स्ट्रेंज फ्रूट' ऐका. झाडाला लटकावून मारलेल्या कृष्णवर्णीयांवरचे हे गाणे काढायला तिची नेहमीची मोठी कंपनी तयार झाली नाही. न्यूयॉर्कमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानदाराने आपल्या छोट्या कंपनीतून ते काढले. खैरलांजीनंतर मी ते पहिल्यांदा ऐकले आणि रात्रभर झोप आली नाही. १९६० साली मॅक्स रोचने 'वुई इन्सिस्ट!' ही एलपी काढली. तिच्या वेष्टनावर हॉटेलच्या टेबलाशी बसलेल्या कृष्णवर्णीय तरुणांचा फोटो आहे, अगदी सत्याग्रहाचा. चवदार तळ्याच्या लेकरांना तो समजावून सांगावा लागत नाही.

१९६३ चे उदाहरण तर फार बोलके आहे. त्या वर्षी ड्यूक एलिंग्टनला अमेरिकन सरकारने आपला सांस्कृतिक दूत म्हणून दौऱ्यावर पाठवले. आमच्याकडे वंशभेद नाही, बघा आमचा काळा कलावंत किती मोठा, हे जगाला दाखवायचे होते. दौरा चालू असतानाच १५ सप्टेंबरला अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार कृष्णवर्णीय मुली मेल्या. त्यानंतर एलिंग्टन भारतातही वाजवून गेला. आणि तिकडे नोव्हेंबरमध्ये जॉन कोल्ट्रेनने 'अलाबामा' ध्वनिमुद्रित केले. त्यात एकही शब्द नाही, फक्त सॅक्सोफोनचा शोक आहे. परदेशात बाबासाहेबांचे पुतळे उभारायचे आणि गावात त्यांची मिरवणूक अडवायची, हे आपण पाहतोच. राज्यकर्त्यांचा हा डाव जुना आहे.

हे सगळे आज आपल्याला ठाऊक आहे कशामुळे? कुणीतरी त्या तबकड्या जपल्या म्हणून. १९४० च्या सुमारास गोरे संग्राहक दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत दारोदार फिरून जुन्या रेकॉर्ड चार-दोन आण्यांच्या भावात विकत घेत. काही रेकॉर्डच्या जगात एक-दोनच प्रती उरल्या आहेत. त्यांचे उपकार मानावेत, पण हेही विसरू नये की ठेवा वस्तीतून गेला आणि मालकी बदलली. म्हणून मला आर्तुरो शोम्बर्ग जास्त जवळचा वाटतो. पोर्तो रिकोत शाळेत असताना त्याला सांगितले गेले होते की काळ्यांना इतिहास नसतो. त्याने आयुष्यभर पुस्तके, हस्तलिखिते, चित्रे जमवली. १९२६ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने तो संग्रह १०,००० डॉलरला घेतला आणि तो हार्लेममध्येच, त्याच्या लोकांमध्ये राहिला. जमवणे ही चैन नव्हती, ते उत्तर होते.

आपले काय? सत्यशोधक जलसा, मग आंबेडकरी जलसा, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे. गाण्यानेच बाबासाहेब खेड्यापाड्यांत पोहोचवले. भीमगीतांच्या रेकॉर्ड निघाल्या, नंतर कॅसेटने तर घर न्‌ घर गाजवले. पण आपल्या जिल्ह्यात, वणी, पुसद, दारव्हा, घाटंजीच्या वस्त्यांत ज्या गायन पार्ट्या रात्र रात्र सामने रंगवत, त्यांतल्या बहुतेकांचा आवाज कुठेही नाही. ते आपले बडी बोल्डन आहेत. गी पोइतव्हँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. हे मोठे काम त्यांनी केले. आपण किती केले?

आता माझा गुन्हा सांगते. आमच्या घरी वडिलांनी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात टेप केलेली एक कॅसेट होती. आमच्याच वस्तीतली गायन पार्टी, पेटी, ढोलकी, मागे माणसांचा गलका. मी सातवी-आठवीत असताना तिच्या खाचेवर कागदाचा बोळा कोंबून तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. वडील काही बोलले नाहीत. त्या पार्टीतले मुख्य गायक पुढे वारले. काही वर्षांनी मी ती कॅसेट लावून पाहिली. शेवटी, सिनेमाचे गाणे संपल्यावर, त्यांच्या आवाजाचे मोजून अर्धे मिनिट उरले आहे.

म्हणून मी जाझच्या रेकॉर्ड ऐकते तेव्हा चैन करत नाही. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून परतताना फोर्टच्या फूटपाथवर रेकॉर्डच्या ढिगाशी बसते, आणि जाझ हाती लागले नाही तरी एखादे भीमगीत लागेल का हे आधी पाहते. लेबल वाचायला शिकले: गायक, गीतकार, कंपनी, क्रमांक. रेकॉर्ड आडव्या रचू नयेत, उभ्या ठेवाव्यात. ७८ ची खाच रुंद असते, तिला एलपीची सुई लावू नये. कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा मोडलेला असेल तर तो मोडलेलाच राहू द्यावा, त्यामुळे वर दुसरे काही भरले जात नाही. हे मी उशिरा शिकले.

प्रत्येक विहारात एक पेटी ठेवा. जुन्या कॅसेट, रेकॉर्ड, गाण्यांच्या वह्या तिच्यात जमा करा. भंगारवाल्याच्या आधी आपण पोहोचू. हातात मोबाईल आहेच, तर येत्या वर्षावासात वस्तीतल्या जुन्या गायकासमोर, जुन्या गायिकेसमोर बसा आणि गाणे रेकॉर्ड करा. सोबत नाव, गाव, साल आणि ढोलकी कोणी वाजवली तेही बोलून ठेवा. बाबासाहेबांनी उतारवयात, एवढ्या कामाच्या ओझ्यात, व्हायोलिन शिकायला घेतले होते. संगीत ही वरच्यांची मिरास आहे हे त्यांनी मानले नाही. आपणही मानू नये.

माझ्याकडे अर्धे मिनिट उरले आहे. तुमच्या घरात कदाचित पूर्ण कॅसेट असेल. आज शोधा.

जयभीम!