आलं तं पाठोलं

25 सप्टेंबर 2015, बकरी ईद. पुसदला मशिदीबाहेर एका तरुणानं बंदोबस्तावरच्या पोलिसांवर चाकू चालवला. राग गोवंश हत्याबंदीचा, असं पोलिसांचं म्हणणं. खटला आपल्या अकोल्यात चालला. 2019 ला निकाल लागला. हल्ला सिद्ध, तीन वर्षं शिक्षा. दहशतवादाचा आरोप मात्र तिघांवरही टिकला नाही. नुसता 'जिहाद' शब्द वापरला म्हणून कोणी दहशतवादी ठरत नाही, असं कोर्ट म्हणालं. (हे लिहिलं की दोन्हीकडून शिव्या पडतात, माहीत आहे.)

म्हणजे राग वेगळा, शब्द वेगळा, चाकू वेगळा. मग राग चाकूपर्यंत जातो कसा?

अमरावती पहा. 21 जून 2022 च्या रात्री मेडिकलवाल्याचा गळा चिरला. निमित्त एक व्हॉट्सॲप पोस्ट. तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार ती ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरली आणि आरोपींत त्याच्या जुन्या ओळखीचाही एक जण आहे. एकट्यानं वाचली असती तर माणूस दोन शिव्या घालून झोपला असता. ग्रुपमध्ये तसं होत नाही. एक चिडला की दुसऱ्याला त्याच्याहून जास्त चिडावं लागतं. गप्प राहील तो भित्रा. ओळखीचा दुकानदार उरत नाही, स्क्रीनशॉट उरतो.

13 मे 2023 ला आपल्या जुन्या शहरात इंस्टाग्राम पोस्टवरून दगडफेक, जाळपोळ झाली. एक जण गेला. नेट बंद झालं. सुरू झाल्याबरोबर माझ्या फोनवर फॉरवर्ड धडाधड पडले. एक आमच्या शाळेच्या ग्रुपवरचा. मी पाठवणाऱ्याला फोन लावला, खरं आहे का रे हे?

"मले काय मालूम भाऊ. आलं तं पाठोलं."