नाव आळशाचे, स्वभाव सावध : भारतीय अस्वलाचा अभ्यास आणि संवर्धन

मराठीत ज्याला नुसते ‘अस्वल’ म्हटले जाते, त्या काळ्या, झिपऱ्या केसांच्या प्राण्याचे इंग्रजी नाव ‘स्लॉथ बेअर’, म्हणजे आळशी अस्वल असे आहे. वास्तविक हा प्राणी आळशी नाही आणि अमेरिका खंडातील ‘स्लॉथ’ या प्राण्याशी त्याचे कोणतेही जवळचे नाते नाही. खरा स्लॉथ मध्य व दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत झाडाच्या फांद्यांना उलटा लटकून आयुष्य काढतो. भारतात तो कधीच नव्हता. तरीही अठराव्या शतकात भारतातील दोन वेगवेगळ्या प्राण्यांना युरोपात ‘स्लॉथ’ ठरविण्यात आले आणि त्यांपैकी एकाच्या माथी हे नाव कायमचे बसले.

नावाचा इतिहास

यातील पहिला प्राणी बंगालमधील. डच निसर्ग अभ्यासक आर्नौट व्होसमार यांनी १७७० मध्ये लोरिस या निशाचर प्राण्याचे वर्णन ‘बंगालचा पाच बोटांचा स्लॉथ’ असे केले. हे नाव टिकले नाही. हुगळीच्या काठाने कोलकात्याहून बजबजकडे जाताना लागणाऱ्या गार्डन रीच येथे राहणारे, एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांनी जिवंत लोरिस पाळून त्याच्या सवयींचे टिपण लिहिले. ते सोसायटीच्या नियतकालिकाच्या चौथ्या खंडात प्रसिद्ध झाले. लोरिस हा वानरवर्गीय प्राणी आहे, हे पुढे सर्वमान्य झाले.

दुसरा प्राणी म्हणजे अस्वल. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी १७९१ मध्ये त्याला ‘ब्रॅडिपस अर्सिनस’, म्हणजे अस्वलासारखा स्लॉथ, असे शास्त्रीय नाव दिले. लांब, वाकडी नखे आणि वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसणे, ही त्यामागील कारणे होती. हे अस्वलच असल्याचे पुढे स्पष्ट झाले आणि ‘मेलर्सस अर्सिनस’ हे नाव रूढ झाले. इंग्रजी बोलीनाव मात्र बदलले नाही.

शरीररचना आणि आहार

ज्या खुणांमुळे शॉ यांची दिशाभूल झाली, त्या प्रत्यक्षात वाळवी आणि मुंग्या खाण्यासाठी घडलेल्या आहेत. सात-आठ सेंटिमीटर लांबीच्या नखांनी अस्वल कठीण वारूळ फोडते, नाकपुड्या मिटून घेते, लांब व लवचिक ओठांची नळी करते आणि पुढच्या दातांच्या मोकळ्या जागेतून वाळवी ओढून घेते. हा आवाज शंभर मीटरहून अधिक अंतरावर ऐकू येतो.

वाळवीखेरीज बोर, जांभूळ, उंबर, तेंदूची फळे, बहाव्याच्या शेंगा, मोहाची फुले आणि मध हा त्याचा आहार आहे. विष्ठेतून बिया दूरवर पडत असल्याने जंगल वाढविण्यातही त्याचा वाटा असतो. मादी साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारी या काळात गुहेत किंवा खोदलेल्या बिळात एक-दोन पिल्लांना जन्म देते. बाहेर पडल्यावर पिल्ले कित्येक महिने आईच्या पाठीवरील दाट केसांना धरून फिरतात. अस्वलांच्या अन्य जातींत ही सवय दिसत नाही.

वनातील संशोधन

या प्राण्याचा जंगलातील शास्त्रशुद्ध अभ्यास तुलनेने उशिरा सुरू झाला. नेपाळमधील चितवन राष्ट्रीय उद्यानात अँड्र्यू लॉरी आणि जॉन सायडेनस्टिकर यांनी केलेला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९०च्या दशकात तेथेच अनूप जोशी व सहकाऱ्यांनी अस्वलांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा माग ठेवला. मादीचे फिरण्याचे क्षेत्र सरासरी सुमारे ९, तर नराचे सुमारे १४ चौरस किलोमीटर असल्याचे त्यातून दिसले. प्रौढ नर प्रामुख्याने रात्री वावरतात. पिल्ले असलेल्या माद्या मात्र दिवसा अधिक फिरतात, कारण त्यांना वाघासारख्या रात्रीच्या शिकाऱ्यांपासून पिल्ले वाचवायची असतात. मध्य प्रदेशातील पन्ना येथे के. योगानंद यांनी केलेल्या अभ्यासात फिरण्याचे क्षेत्र याहून बरेच मोठे आढळले. दिवसा विसाव्यासाठी दाट झुडुपे आणि खडकांतील कपारी अस्वलांना किती आवश्यक आहेत, हेही त्यातून पुढे आले.

हल्ल्यामागील कारण

वाघाच्या सहवासात उत्क्रांत झालेल्या या प्राण्याची स्वसंरक्षणाची पद्धत पळण्याची नसून उभे राहून प्रतिकार करण्याची आहे. झाडावर चढता येत असले तरी बिबट्याही झाडावर चढतो, त्यामुळे तेथेही आसरा नसतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा येथे पिल्लासह पाणवठ्यावर आलेल्या मादीने वाघाशी दिलेल्या झुंजीची चित्रफीत देशभर पाहिली गेली.

अचानक समोर आलेल्या माणसालाही अस्वल हीच वागणूक देते. त्याची नजर अधू असते आणि वारूळ उकरण्यात ते गुंग असते, त्यामुळे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला चाहूल लागत नाही. मध्य प्रदेशात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यांत ६८७ जण जखमी झाले आणि ४८ जणांचा मृत्यू झाला, असे राजपुरोहित आणि क्राउसमन यांच्या अभ्यासात नमूद आहे. जखमा बहुधा डोक्याला आणि चेहऱ्याला होतात, त्यामुळे वाचलेल्या व्यक्तीलाही अनेकदा कायमचे व्यंग येते.

महाराष्ट्रात अस्वलांचा प्रमुख वावर विदर्भात आहे. मेळघाट, ताडोबा, गडचिरोली व गोंदियाची जंगले आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य ही त्यांची ठिकाणे आहेत. उन्हाळ्यात पहाटे मोहाची फुले वेचायला आणि नंतर तेंदूपत्ता तोडायला गावकरी ज्या जंगलात जातात, त्याच जंगलात अस्वलही पोट भरायला आलेले असते. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना देण्यात येणारी मदत राज्य शासनाने २०२३ मध्ये २५ लाख रुपये केली. अस्वलाच्या हल्ल्यालाही ती लागू आहे.

संरक्षण आणि पुनर्वसन

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) त्याला ‘असुरक्षित’ श्रेणीत ठेवले असून जगातील त्याची संख्या २० हजारांहून कमी असल्याचा अंदाज आहे. बांगलादेशातून ते नाहीसे झाले आहे. पश्चिम बंगालमध्ये बजबज आणि परिसरातील सखल त्रिभुज प्रदेशात ते आढळत नाही, मात्र पुरुलियाच्या डोंगराळ भागात त्याचा वावर आहे.

गावोगावी अस्वल नाचविणारे दरवेशी महाराष्ट्रातील एका पिढीच्या स्मरणात आहेत. मुलांची भीती जावी म्हणून त्यांना अस्वलावर बसविले जाई आणि त्याचे केस ताइतात बांधले जात. या खेळासाठी मादीला मारून पिल्ले पळविली जात आणि त्यांच्या नाकातून दोरी ओवली जात असे. केंद्र सरकारने १९९८ मध्ये अस्वलांच्या अशा प्रदर्शनावर अधिसूचनेद्वारे बंदी घातली. ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने उत्तर प्रदेश वन विभागाच्या सहकार्याने आग्रा येथे बचाव केंद्र उभारले. संस्थेने ६०० हून अधिक अस्वले सोडविली आणि ती पाळणाऱ्या कलंदर समाजातील कुटुंबांना अन्य व्यवसायांसाठी मदत केली. यातील अखेरचे अस्वल २००९ मध्ये मुक्त झाले.

गुजरातमधील जेसोर व रतनमहाल आणि कर्नाटकातील दरोजी ही अस्वलांसाठी ओळखली जाणारी अभयारण्ये आहेत. मात्र अस्वलांच्या अधिवासाचा मोठा भाग संरक्षित क्षेत्रांबाहेर आहे. तेथे दगडखाणींमुळे गुहा नष्ट होतात, जंगलाचे तुकडे होतात आणि पित्ताशयासाठी शिकारही होते. या प्रश्नांकडे लक्ष वेधण्यासाठी २०२२ पासून १२ ऑक्टोबर हा जागतिक स्लॉथ बेअर दिन म्हणून पाळला जातो.

जंगलात जाताना

पहाटे व सायंकाळी एकट्याने जंगलात जाऊ नये. गटाने, बोलत किंवा काठी आपटत चालावे, म्हणजे अस्वलाला आधीच चाहूल लागून ते दूर जाते. पिल्ले दिसल्यास जवळ जाऊ नये. अस्वल समोर आल्यास पळू नये, कारण ते माणसाहून वेगाने धावते. शांतपणे मागे सरकावे. हल्ला झालाच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकावी आणि चेहरा जमिनीलगत ठेवावा, असा सल्ला तज्ज्ञ देतात.