ऑस्ट्रेलियात घटस्फोटाचा खर्च : कोर्ट, घर, मुलं आणि गेट

"इथे घटस्फोटाला किती पैसे लागतात?" हा प्रश्न आपली माणसं हळू आवाजात विचारतात, आणि बहुतेक वेळा उशिरा विचारतात. मी वकील नाही. सिडनीत आपल्या लोकांबरोबर फॉर्म भरायला, कागद जमवायला बसते. त्यातून जे समजलं ते क्रमाने लिहिते.

आधी एक लक्षात ठेवा. इथे घटस्फोट म्हणजे चार वेगवेगळी कामं आहेत : लग्न संपल्याचा कोर्टाचा हुकूम, मालमत्तेची वाटणी, मुलांची व्यवस्था आणि आपल्या धर्माप्रमाणे गेट. प्रत्येकाचा खर्च वेगळा, मुदत वेगळी. पहिलं काम सगळ्यात स्वस्त आहे. पैसा जातो तो पुढच्या कामांत, तोही मुख्यतः भांडणामुळे.

१. कोर्टाचा हुकूम

1975चा फॅमिली लॉ ॲक्ट जानेवारी 1976पासून लागू झाला आणि दोष सिद्ध करण्याची गरज संपली. कोण चुकलं हे कोर्ट विचारत नाही. बारा महिने वेगळे राहिलात आणि पुन्हा संसार जुळण्याची शक्यता नाही, एवढं पुरतं. म्हणून नवऱ्याची किंवा बायकोची लफडी सिद्ध करण्यासाठी घटस्फोटाच्या अर्जात वकिलाचे तास घालवू नका.

लग्न अलिबागला झालं की ठाण्याला, याने फरक पडत नाही. दोघांपैकी एक जण इथला नागरिक असावा, इथेच कायम राहण्याच्या इराद्याने राहत असावा, किंवा अर्जाआधी सलग बारा महिने इथे राहिलेला असावा.

अर्जाची फी सुमारे अकराशे डॉलर आहे. ती साधारण दर वर्षी 1 जुलैला वाढते, तेव्हा कोर्टाच्या साइटवर ताजा आकडा बघा. कन्सेशन कार्ड असेल किंवा आर्थिक अडचण दाखवता आली, तर फी साधारण एक तृतीयांश होते. संयुक्त अर्ज असेल तर मात्र दोघेही सवलतीला पात्र हवेत.

अर्ज ऑनलाइन करता येतो आणि वकील सक्तीचा नाही. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं शपथपत्र जोडावं लागतं. केतुबा हा सरकारी दाखला नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एकट्याने अर्ज केला तर दुसऱ्याला कागद रीतसर पोचवावे लागतात : तो ऑस्ट्रेलियात असेल तर सुनावणीच्या किमान 28 दिवस आधी, भारतात किंवा इस्रायलमध्ये असेल तर 42 दिवस आधी. पोचवणाऱ्याची फी वेगळी. संयुक्त अर्जात हा खर्चच नाही.

भाडं परवडत नाही म्हणून एकाच घरात वेगळे राहणारे बरेच आहेत. तेही चालतं. पण झोपणं, जेवण, पैसे कसे वेगळे झाले हे शपथपत्रात सांगावं लागतं, आणि शेजारच्या काकींसारख्या तिसऱ्या माणसाचंही शपथपत्र लागतं.

हुकूम मिळाल्यावर तो एक महिना आणि एक दिवसाने अमलात येतो. त्याआधी दुसरं लग्न ठरवू नका.

२. घर, सुपर आणि भारतातली मालमत्ता

घटस्फोट अमलात आल्यापासून बारा महिन्यांत वाटणीचा अर्ज करावा लागतो. नंतर कोर्टाची खास परवानगी लागते. घटस्फोट झाला नसला तरी वाटणी करता येते, त्यासाठी थांबायचं कारण नाही.

निम्मं-निम्मं असा नियम नाही. कोणी काय आणलं, कोणी कमावलं, कोणी घर आणि मुलं सांभाळली, पुढे कोणाला काय गरज आहे, हे सगळं बघतात. 10 जून 2025पासून घरातल्या हिंसाचाराचा आर्थिक परिणामही विचारात घ्यावा लागतो. सुपर हीसुद्धा मालमत्ताच. तिची विभागणी होऊ शकते, पण ती साधारणपणे सुपरमध्येच राहते, हातात रोख येत नाही. ठाण्याचा फ्लॅट, प्रॉव्हिडंट फंड, लग्नातलं सोनं, सगळं जाहीर करावं लागतं. लपवलेलं नंतर सापडलं तर वाटणी पुन्हा उघडली जाऊ शकते, आणि तो खर्च फार मोठा असतो.

स्वस्त रस्ता म्हणजे दोघांत ठरवून कन्सेंट ऑर्डर घेणं. त्याची फी सुमारे दोनशे डॉलर. दुसरा रस्ता खाजगी करार. तो बंधनकारक व्हायला दोघांनाही स्वतंत्र वकिलाचा सल्ला लागतो, म्हणजे दोन बिलं. घराचं मूल्यांकन आणि कर्ज नव्या नावावर करण्याचा खर्चही धरा. अशा हुकमाखाली घर एकाच्या नावावर करताना स्टॅम्प ड्यूटी बहुधा माफ होते. नुसत्या तोंडी समझोत्यावर अवलंबून राहणाऱ्याला ही सवलतही नाही आणि संरक्षणही नाही.

वकील तासावर, बहुधा सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत बिल लावतात. प्रत्येक फोन आणि ईमेल मोजला जातो. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात खर्च साडेसातशे डॉलरच्या पुढे जाणार असेल तर वकिलाने लेखी अंदाज द्यायलाच हवा. तो मागा. इथे साधारण नियम असा की आपापला खर्च आपण सोसायचा. "जिंकलो की तो भरेल" या भरवशावर राहू नका.

३. मुलं

मुलांबाबत कोर्टात जाण्याआधी, हिंसाचार किंवा तातडी नसेल तर, मध्यस्थीचा प्रयत्न केल्याचं प्रमाणपत्र लागतं. सरकारी मदतीने चालणाऱ्या फॅमिली रिलेशनशिप सेंटरमध्ये हे काम फुकट किंवा अगदी कमी पैशात होतं. मुलांचा खर्च सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया दोघांचं उत्पन्न आणि मुलं कोणाकडे किती रात्री राहतात यावरून ठरवतं. त्यासाठी वकील लागत नाही.

४. गेट

कोर्टाचा हुकूम म्हणजे गेट नाही, आणि गेट म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही. दोन्ही लागतात. सिडनी आणि मेलबर्नला बेथ दिन आहे. सोफेर गेट लिहितो, दोन साक्षीदार असतात, नवरा स्वखुशीने देतो आणि बायको घेते. दुसरा पक्ष परदेशात असला तर दूतामार्फतही होतं. फी किती आणि परवडत नसेल तर काय, हे बेथ दिनला आधीच विचारा.

आपल्या समाजाने याची किंमत मोजलेली आहे. कोकणात पूर्वी गेट आणि हलित्झा रीतसर होत होते का, या शंकेवरून 1962 साली इस्रायलच्या रब्बिनेटने बेने इस्रायलांच्या लग्नाआधी पिढ्यांची चौकशी करायला सांगितलं. आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, आणि 1964 साली क्नेसेटने आपण सर्व बाबतीत ज्यू आहोत असं सांगितल्यावर ते निर्देश बदलले. एका कागदावरून नातवंडांचं लग्न अडू शकतं, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

म्हणूनच गेट अडवणं हे हत्यार होतं. "घरातला हिस्सा सोड, मग गेट देतो" ही भाषा मी ऐकलेली आहे. ऑस्ट्रेलियन लॉ रिफॉर्म कमिशनने 1992च्या अहवालात धार्मिक अडथळ्यांचा प्रश्न हाताळला होता. तरी आजही कोर्ट स्वतः गेट देऊ शकत नाही. बायांनो, गेटच्या बदल्यात काहीही सही करण्याआधी वकिलाला दाखवा. अशी अडवणूक घरगुती छळात मोडू शकते. गेट आणि वाटणी यांच्या बोलण्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. ज्यांची लग्नं व्हायची आहेत त्यांनी गेटबाबतच्या विवाहपूर्व कराराची बेथ दिनकडे चौकशी करावी.

भारतात मान्यता

भारतात मालमत्ता किंवा पुढचं लग्न असेल तर इथला हुकूम तिथे टिकला पाहिजे. 1991 साली सुप्रीम कोर्टाने नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी खटल्यात परदेशी निकाल कधी मानायचा ते सांगितलं. खटला हिंदू विवाहाचा होता, पण दोघांनी त्या कोर्टापुढे स्वखुशीने यावं हा मुद्दा सगळ्यांच्या कामाचा आहे. संयुक्त अर्जाचा हा आणखी एक फायदा. मुंबईच्या वकिलाचा एक तास इथे सत्कारणी लागतो.

पहिल्या भेटीला काय न्यावं

लग्नाचा दाखला, वेगळे झाल्याची तारीख, तीन वर्षांचे टॅक्सचे कागद, सुपरची स्टेटमेंट्स, कर्ज आणि बँकेचे हिशेब, भारतातल्या मालमत्तेची यादी. पार्टनर व्हिसावर असाल तर व्हिसाचे कागद आणि वेगळा सल्लाही. इंग्रजी अडत असेल तर 131 450 वर दुभाषी मिळतो. घरात मारहाण किंवा धाक असेल तर पैशांचा हिशेब नंतर. आधी 1800 737 732 ला फोन करा, तो रात्रीही उचलतात.