ट्वेल्व्ह अँग्री मेन (दूरचित्रवाणी नाटक)

ट्वेल्व्ह अँग्री मेन हे अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी जाळ्यावरील ‘स्टुडिओ वन’ नाट्यमालेत २० सप्टेंबर १९५४ रोजी थेट प्रक्षेपित झालेले नाटक होय. त्याचे लेखन रेजिनाल्ड रोझ यांनी, दिग्दर्शन फ्रँकलिन शॅफ्नर यांनी आणि निर्मिती फेलिक्स जॅक्सन यांनी केली. खुनाच्या खटल्यात निर्णय देण्यासाठी एका खोलीत बसलेल्या बारा ज्यूरी सदस्यांची चर्चा हा त्याचा विषय आहे. याच कथेवरील १९५७ चा चित्रपट जगभर गाजला. मूळ दूरचित्रवाणी नाटकाचा मात्र पूर्वार्धच अनेक वर्षे उपलब्ध होता. संपूर्ण प्रत २००३ मध्ये सापडली.

पार्श्वभूमी

‘स्टुडिओ वन’ ही नाट्यमाला १९४८ ते १९५८ या काळात चालली. दर आठवड्याला नवे कथानक, नवी पात्रे आणि नवे नेपथ्य असे तिचे स्वरूप होते. न्यूयॉर्कमधील कलागारात नट अभिनय करीत असतानाच तो घरोघरी दिसत असे. चुकलेले वाक्य पुन्हा म्हणण्याची किंवा प्रसंग पुन्हा चित्रित करण्याची सोय नव्हती. वेशभूषा बदलण्यास वा एका स्थळावरून दुसऱ्या स्थळी जाण्यास फारच थोडा अवधी मिळे. त्यामुळे मोजकी पात्रे, मोजकी स्थळे आणि संवादांवर भर असलेली नाटके या माध्यमाला विशेष मानवली. हा काळ पुढे अमेरिकी दूरचित्रवाणीचे ‘सुवर्णयुग’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

रोझ यांनी न्यूयॉर्कमधील एका सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात ज्यूरी सदस्य म्हणून काम केले होते. बंद खोलीतील त्या वादविवादाच्या अनुभवातून त्यांना या नाटकाची कल्पना सुचली. ‘स्टुडिओ वन’च्या सातव्या हंगामाचा आरंभ या नाटकाने झाला.

ज्यूरी पद्धत

अमेरिकेतील फौजदारी खटल्यात आरोपी दोषी आहे की नाही, हे सामान्य नागरिकांमधून निवडलेली ज्यूरी ठरवते. नाटकातील खटल्यात दोन्हीपैकी कोणत्याही निर्णयासाठी बाराही सदस्यांचे एकमत आवश्यक आहे. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षावर असते. आरोपीने आपले निर्दोषत्व सिद्ध करावे अशी अपेक्षा नसते. पुराव्याविषयी सयुक्तिक शंका उरली, तर त्याला दोषी ठरवता येत नाही. नाटकाचा सारा डोलारा या तत्त्वावर उभा आहे.

कथानक

वडिलांचा चाकूने खून केल्याचा आरोप एका तरुणावर आहे. तो दोषी ठरल्यास मृत्युदंड अटळ आहे. पहिल्या मतदानात अकरा सदस्य ‘दोषी’ असे मत देतात. केवळ आठव्या क्रमांकाचा सदस्य ‘दोषी नाही’ म्हणतो. मुलगा निरपराध आहे असा त्याचा दावा नसतो. एखाद्याचा जीव घेण्यापूर्वी थोडी चर्चा व्हावी, एवढेच त्याचे म्हणणे असते.

त्यानंतर एकेका पुराव्याची छाननी होते. दुर्मीळ म्हणून सांगितलेल्या चाकूसारखाच दुसरा चाकू आठवा सदस्य टेबलावर ठेवतो. पायाने अधू असलेला वृद्ध साक्षीदार सांगितलेल्या वेळात दारापर्यंत पोहोचू शकला असता का, हे खोलीतच चालून पाहिले जाते. धावत्या गाडीच्या पलीकडून खून पाहिल्याचे सांगणाऱ्या स्त्रीची साक्षही संशयास्पद ठरते. पुरावे ढासळू लागतात तसे सदस्यांचे स्वभावही उघडे पडतात. कोणाला घरी जाण्याची घाई आहे, कोणाच्या मनात गरीब वस्तीतील लोकांविषयी तिरस्कार आहे. तिसरा सदस्य स्वतःच्या मुलाशी असलेल्या बेबनावाचा राग आरोपीवर काढत आहे. अखेरीस तोही माघार घेतो आणि ज्यूरी ‘दोषी नाही’ असा निर्णय देते. खून कोणी केला, हे प्रेक्षकांना कळत नाही. त्यामुळे ही रहस्यकथा ठरत नाही. शंकेचा लाभ देण्याचे धैर्य हा तिचा खरा विषय आहे.

निर्मिती आणि भूमिका

आठव्या सदस्याची भूमिका रॉबर्ट कमिंग्ज यांनी, तिसऱ्याची फ्रँकॉट टोन यांनी आणि दहाव्याची एडवर्ड अरनॉल्ड यांनी केली. नॉर्मन फेल, जॉन बील, वॉल्टर एबल, ली फिलिप्स, बार्ट बर्न्स, पॉल हार्टमन आणि लार्किन फोर्ड हेही कलाकारसंचात होते. नवव्या क्रमांकाचा वृद्ध सदस्य जोसेफ स्वीनी यांनी, तर अकराव्या क्रमांकाचा स्थलांतरित सदस्य जॉर्ज वॉस्कोवेक यांनी साकारला. हे दोघेच पुढे १९५७ च्या चित्रपटात त्याच भूमिकांत दिसले.

एकच खोली आणि सलग चर्चा ही रचना थेट प्रक्षेपणाच्या मर्यादांना अनुकूल होती. खोलीतून बाहेर पडण्याची मुभा नसलेले सदस्य आणि थांबण्याची मुभा नसलेले नट यांच्या स्थितीत एक साम्य होते. त्यातून निर्माण होणारा ताण हे या प्रयोगाचे बलस्थान होय.

या नाटकाला तीन एमी पुरस्कार मिळाले. लेखनासाठी रोझ, दिग्दर्शनासाठी शॅफ्नर आणि अभिनयासाठी कमिंग्ज यांचा गौरव झाला.

प्रतीचा शोध

त्या काळी दूरचित्रवाणीसाठी चित्रफीत ध्वनिमुद्रण उपलब्ध नव्हते. त्याचा वापर १९५६ च्या अखेरीस सुरू झाला. तोवर थेट कार्यक्रम जतन करण्याचा मुख्य मार्ग ‘किनेस्कोप’ हा होता. कार्यक्रम सुरू असताना पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा ठेवून त्याचे चित्रण करीत. ही प्रत काहीशी धूसर असे. तिचा हेतूही मुख्यतः थेट जोडणी नसलेल्या केंद्रांना कार्यक्रम पुरवणे हा होता. काम झाल्यावर अनेक प्रती नष्ट झाल्या.

या नाटकाचाही केवळ पूर्वार्ध संग्रहालयात होता. चर्चेचा आरंभ पाहता येई, पण निर्णयापर्यंतचा प्रवास पाहता येत नसे. नामवंत बचाव वकील आणि पुढे न्यायाधीश झालेले सॅम्युएल लीबोविट्झ यांच्यावरील माहितीपटाच्या संशोधनात त्यांच्या घरी १६ मिलिमीटर फिल्मवरील संपूर्ण प्रत आढळली. न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणी व रेडिओ संग्रहालयाने २००३ मध्ये हा शोध जाहीर केला.

रूपांतरे

१९५५ मध्ये शेरमन सर्गेल यांनी या कथेचे रंगभूमीसाठी रूपांतर केले. सिडने ल्युमेट दिग्दर्शित १९५७ च्या चित्रपटाची निर्मिती रोझ आणि हेन्री फोंडा यांनी केली. आठव्या सदस्याची भूमिका फोंडा यांचीच होती. चित्रपटाची लांबी ९६ मिनिटे असल्याने पात्रांच्या पूर्वायुष्याला अधिक वाव मिळाला. विल्यम फ्रीडकिन यांनी १९९७ मध्ये दूरचित्रवाणीसाठी पुनर्निर्मिती केली. निकिता मिखाल्कोव्ह यांच्या ‘१२’ (२००७) या रशियन चित्रपटात आरोपी चेचेन तरुण आहे.

बासू चॅटर्जी यांचा ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) हे हिंदी रूपांतर भारतीय प्रेक्षकांना परिचित आहे. त्यात के. के. रैना, पंकज कपूर आणि अन्नू कपूर यांच्या प्रमुख भूमिका आहेत. चित्रपट आला तेव्हा भारतीय फौजदारी न्यायालयांत ज्यूरी उरली नव्हती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान नव्हते. भारतात सर्व ठिकाणी एकमताचाही आग्रह नव्हता. मुंबईतील नानावटी खटल्यात (१९५९) ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने आरोपीस निर्दोष ठरवले होते. सत्र न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तेथे आरोपी दोषी ठरला.

टीका

कायद्याच्या दृष्टीने कथेतील काही प्रसंग आक्षेपार्ह मानले जातात. ज्यूरी सदस्याने न्यायालयाबाहेर स्वतः पुरावा शोधणे नियमबाह्य आहे. प्रत्यक्षात आठव्या सदस्याच्या चाकूमुळे खटला रद्द होऊ शकला असता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश सोनिया सोटोमेयर यांनी २०१० मध्ये १९५७ च्या चित्रपटाचा आपल्यावर प्रभाव असल्याचे सांगतानाच, ज्यूरीने त्यातील सदस्यांचे अनुकरण करू नये असेही स्पष्ट केले. तरीही अल्पमतातील व्यक्तीने बहुमतासमोर आपली शंका कशी मांडावी, याचे उदाहरण म्हणून या कथेचा अभ्यास आजही केला जातो.