‘साक्ष’ म्हणजे नेमकं काय? ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेची गोष्ट चारचौघांत का सांगतात?

साक्ष म्हटलं की बहुतेकांना कोर्टातला पिंजरा आठवतो. पण अनेक चर्चमध्ये, विशेषतः प्रोटेस्टंट मंडळींमध्ये, रविवारच्या उपासनेत किंवा एखाद्याच्या घरच्या प्रार्थनासभेत कुणीतरी उभं राहतं आणि ‘मला साक्ष द्यायची आहे’ असं म्हणतं. मग येते ती स्वतःची गोष्ट. दारू कशी सुटली, आजारपणात धीर कुठून मिळाला, देवावरचा विश्वास कसा बसला. यालाच ख्रिस्ती परंपरेत ‘साक्ष देणं’ म्हणतात.

हा शब्द आला कुठून?

बायबलचा नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात साक्षीदारासाठी ‘मार्टिस’ हा शब्द आहे. सुरुवातीच्या काळात श्रद्धा न सोडल्यामुळे अनेक ख्रिस्ती लोकांना जीव गमवावा लागला. त्यामुळे हाच शब्द पुढे ‘हुतात्मा’ या अर्थाने रूढ झाला. इंग्रजीतला ‘मार्टर’ हा शब्द त्यातूनच आला.

बायबलमधली उदाहरणं कोणती?

सर्वांत प्रसिद्ध साक्ष पौलाची. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा हा माणूस दिमिष्काच्या वाटेवर बदलला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात ही घटना तीनदा येते: ९व्या, २२व्या आणि २६व्या अध्यायात. त्यातल्या शेवटच्या दोन वेळा पौल ती स्वतः सांगतो. एकदा संतापलेल्या जमावासमोर, तर एकदा राजा अग्रिप्पासमोर. घटना तीच, पण ऐकणारे वेगळे असल्याने मांडणी बदलते.

योहानाच्या शुभवर्तमानात ९व्या अध्यायात एक जन्मांध माणूस भेटतो. धर्मपंडित त्याला उलटसुलट प्रश्न विचारतात. त्याच्याकडे सगळ्यांची उत्तरं नाहीत. आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसतं, एवढंच तो ठामपणे सांगतो. साक्ष आणि प्रवचन यांतला फरक इथे कळतो. प्रवचनात शिकवण समजावली जाते, साक्षीत फक्त स्वतः अनुभवलेलं सांगायचं असतं.

साक्ष कशी मांडली जाते?

साधारणपणे तिचे तीन टप्पे असतात: आधीचं आयुष्य, बदल कसा झाला आणि त्यानंतरचं आयुष्य. पण सगळ्यांचंच आयुष्य एका रात्रीत पालटत नाही. जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्यांची गोष्ट बहुधा संथ असते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ‘अ टेस्टिमनी’मध्ये मात्र त्यांनी मोकळेपणाने लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षं ख्रिस्ती धर्म त्यांच्याजवळ होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता.

सांगणाऱ्याची गोष्ट फक्त त्याचीच असते का?

नाही, आणि अवघड भाग इथेच आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासाठी तो श्रद्धेचा निर्णय होता. पत्नी लक्ष्मीबाईंसाठी मात्र त्याचा अर्थ ताटातूट, नातेवाइकांचा दबाव आणि मुलाची काळजी असा झाला. पुढे त्या स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या वेळी त्याच श्रद्धेपर्यंत पोहोचल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही दुसरी बाजू दिसते. एकाच घरातल्या दोन साक्षी किती वेगळ्या असू शकतात, हे त्यातून कळतं.

म्हणून साक्ष देताना काही पथ्यं महत्त्वाची ठरतात. प्रसंग तिखटमीठ लावून सांगू नये. नवऱ्याचं व्यसन किंवा मुलीचा आजार त्यांना न विचारता जाहीर करू नये. आजार बरा झाल्याचं सांगताना औषधं बंद करण्याचा सल्ला देऊ नये. आणि आपल्या जुन्या धर्माची किंवा त्या धर्माच्या माणसांची टवाळी करू नये. पेत्राच्या पहिल्या पत्रातही आपल्या आशेचं कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यावं, असंच सांगितलं आहे.

भारतात कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेचं कलम २५ प्रत्येकाला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादा त्याला आहेत. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आपल्या धर्माची तत्त्वं सांगण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही. शिवाय काही राज्यांत जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष दाखवून केलेल्या धर्मांतराविरुद्ध कायदे आहेत.

थोडक्यात, साक्षीदाराचं काम पाहिलेलं सांगणं एवढंच. निकाल देणं हे त्याचं काम नसतं. ऐकणाऱ्याला ‘हो’ म्हणण्याइतकीच ‘नाही’ म्हणण्याचीही मोकळीक असते, तेव्हाच साक्ष ही साक्ष राहते.