प्लेगच्या सालची

आमच्या पणजीला वय विचारलं की ती म्हणायची, "मी प्लेगच्या सालची." आकडा तिला ठाऊक नव्हता. मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगसांनी प्लेग ओळखला तो सप्टेंबर १८९६ मध्ये. पुढच्या शिमग्याला पुण्यातल्या घरांना कुलपं लागत होती, आणि ही तेव्हा अंगावरचं पोर.

पुढचं आजीनं सांगितलेलं. दर वेळी ती थोडं निराळं सांगे. घरात उंदीर पडला की घर सोडायचं, ही तेव्हाची रीत. कसब्यातलं बिऱ्हाड माळावर झोपडीत गेलं. आधी पणजीच्या आईला गाठ आली, चौथ्या दिवशी वडिलांना. आजीच्या गोष्टीत सोजीरांच्या झडत्या असत, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झाडलेली गोळी असे, आणि सावित्रीबाई फुले तर हमखास असत. "प्लेगचं पोर उचलून नेलं, त्यातच त्या गेल्या बाई! आपलंही पोर कुणीतरी असंच उचललं असेल ना?" एवढं बोलून ती डोळे पुसायची.

कुणी म्हणे बैलगाडीतून, कुणी म्हणे शेजारणीच्या झोळीतून, पण पोर जुन्नरला मावशीकडे पोचलं. अंगावर खणाची कुंची तेवढी होती. मावशीनं शेळीच्या दुधावर जगवलं, वेखंडाची गुटी दिली, पुढे नाचणीचं सत्त्व. मरणाची नजर चुकावी म्हणून तेव्हा धोंडी, दगडी अशी नावं ठेवत. हिलाही तसंच एक चिकटलं. बारशाचं नाव आणि आईचं नाव मावशीच्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही. मेलेल्या बहिणीचं नाव घेताना तिचा गळाच दाटायचा म्हणे. नाचणीची आंबील मात्र पणजी शेवटपर्यंत रोज प्यायची. वाटी मी धुवायचे.

काही वर्षांपूर्वी नाशिकला रामकुंडावर गेले. तीर्थोपाध्यायांनी गाव आणि आडनाव विचारून लांबट वही काढली. त्यांनीच मोडी वाचून दाखवली. शके १८१५, म्हणजे १८९३-९४ ची नोंद, पणजीच्या आजोबांच्या हातची. खाली तीन मुलगे, त्यांतला मधला पणजीचा बाप. मी त्या अक्षरांवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसले. पानावर बाईचं नाव एकही नव्हतं, आणि मधल्या मुलापुढे पुढची नोंदही नव्हती.

गुरुजींनी रिवाजाप्रमाणे लेखणी पुढे केली. मधल्या मुलाच्या नावाखाली मी लिहिलं: 'यांस कन्या एक. प्लेगातून वाचली. तिची मुलं, नातवंडं, पतवंडं मिळून आज एक्केचाळीस माणसं.'

तिच्या आईचं नाव लिहायचं राहिलं, कारण विचारायला हवं होतं तेव्हा कुणी विचारलं नाही. तुमच्या घरात आजी असेल तर तिच्या आईचं आणि आजीचं नाव आजच विचारून लिहून ठेवा.